‘आरोपी’ म्हणजे ‘गुन्हेगार’ नव्हे – सातवी-आठवीच्या मुलांना फौजदारी कायदा कसा शिकवावा?

फळ्यासमोर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सातवी-आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. गेल्या महिन्यात वर्गात एक प्रसंग घडला, तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

मधल्या सुट्टीनंतर एका मुलीचं घड्याळ सापडेना. मी वर्गात पोचेपर्यंत फार तर दहा मिनिटं गेली असतील, पण तेवढ्यात सगळं ठरून गेलं होतं. सुट्टीत एक मुलगा वर्गात एकटाच बसला होता, म्हणजे त्यानेच घेतलं. त्याचं दप्तर बाकावर उलटं केलेलं होतं. तो एक शब्द बोलत नव्हता, आणि ‘बघा बाई, बोलतच नाहीये’ हाच पुरावा म्हणून मला सांगितला जात होता. दुसऱ्या दिवशी घड्याळ त्या मुलीच्याच खेळाच्या पिशवीत निघालं. तिने माफी मागितली, वर्गाने मागितली, मीही मागितली. पण तो मुलगा त्यानंतर मधल्या सुट्टीत वर्गात थांबतच नाही. डबा घेऊन व्हरांड्यात उभा राहतो.

मुख्याध्यापकांशी बोलले. त्यांनी ‘कायदा आणि न्याय’ यासाठी मला आठ तास दिले आहेत. मी आराखडा केला: न्यायालयांची उतरंड, पोलिसांची कामं, महत्त्वाची कलमं, कोणत्या गुन्ह्याला किती शिक्षा. लिहून झाल्यावर वाचला आणि लक्षात आलं की यातल्या एकाही गोष्टीचा त्या मुलाला त्या दिवशी उपयोग झाला नसता.

काल वर्गात चिठ्ठ्या वाटल्या आणि एकच प्रश्न विचारला, ‘आरोपी म्हणजे कोण?’ जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, ‘ज्याने गुन्हा केला तो.’

कुठून सुरुवात करू?

काळा_कोट

ताई, मी फौजदारी वकिली करतो. तुमच्या मुलांनी लिहिलेलं उत्तर मला मोठ्या माणसांकडूनही ऐकायला मिळतं, शिकलेल्यांकडूनही.

कलमांची यादी तेवढी बाजूला ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाचं ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८ आहे. आकडे पाठ केलेल्यांना ते सोडून नवे पाठ करावे लागले. पण माणसाला दोषी ठरवायची रीत काय, त्याला विचारायचं कसं, कोणी सिद्ध करायचं, हे मुळातून बदललेलं नाही. मुलांना तेच द्या.

माझ्या मते सुरुवात संविधानाच्या अनुच्छेद २० पासून करावी. छोटा आहे आणि बारा वर्षांच्या मुलाला तो लगेच पटतो, कारण त्यातल्या तिन्ही गोष्टी शाळेत रोज घडतात.

फळ्यावर लिहा, ‘काल ज्यांनी निळ्या शाईने लिहिलं त्यांनी उभं राहावं.’ मुलं ओरडतील, ‘काल असा नियमच नव्हता!’ बरोबर आहे. ज्या दिवशी कृत्य केलं त्या दिवशी तो गुन्हा नसेल तर शिक्षा नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना त्याच गोष्टीसाठी पुन्हा उभं करा. ‘बाई, आमची शिक्षा झाली ना!’ हेही बरोबर: एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि दोनदा शिक्षा नाही. मग तिसरी गोष्ट. आरोपीला स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही.

या तिसऱ्या गोष्टीपाशी थांबा. तुमच्या वर्गातला तो मुलगा गप्प होता. घाबरलेला माणूस गप्प होतो, अपमान झालेला गप्प होतो, निरपराध माणूसही गप्प होतो. गप्प राहणं हा पुरावा नाही. मुलांना हे एकदा मनापासून समजलं तरी तुमचे आठ तास कारणी लागले असं मी म्हणेन.

एक विनंती. उदाहरण घड्याळाचं घेऊ नका. त्या मुलाला पुन्हा सगळ्यांसमोर उभं केल्यासारखं होईल. चोरी हवीच असेल तर दुसरी गोष्ट रचा.

चोरीवरूनच सांगतो. व्याख्या फळ्यावर लिहून तिचे तुकडे पाडा: हलवता येईल अशी वस्तू, दुसऱ्याच्या ताब्यातली, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने, जागेवरून हलवणे. मग छोट्या गोष्टी द्या आणि कोणता तुकडा कमी पडतो ते विचारा. सारखी दिसते म्हणून चुकून दुसऱ्याची छत्री उचलली. मित्राची वही न विचारता नेली, उद्या परत देणार होतो. दुसऱ्या गोष्टीवर वर्ग फुटेल, फुटू द्या. मग सांगा की हवाई दलाच्या एका प्रशिक्षणार्थीने परवानगी नसताना विमान उडवून नेलं होतं, आणि के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला चोरीसाठी दोषी धरलं. तात्पुरतं नेणंसुद्धा चोरी ठरू शकतं. मुलं विमानाची गोष्ट विसरणार नाहीत, आणि तिच्याबरोबर ‘हेतू’ हा शब्दही लक्षात राहील.

सडेतोड

मी वेगळं बोलणार आहे, राग नसावा. मला दोन मुलगे आहेत, एक सातवीत. आरोपीचे हक्क, गप्प राहण्याचा हक्क, हे सगळं आधी शिकवलं तर मुलं पळवाटा शिकतील. आधी शिक्षा शिकवा. मोबाइलवरून कोणाचा फोटो पसरवला तर काय होतं, मारामारीत कोणाला लागलं तर काय होतं, हे कळलं पाहिजे. भीती वाईट नसते. आणि ज्याचं घड्याळ खरोखरच चोरीला गेलं त्याचं काय? त्याच्यासाठी अनुच्छेद नाही का?

खाकी_३३

तेहतीस वर्षं पोलीस खात्यात काढली, आता निवृत्त. सडेतोड यांची काळजी मला समजते, पण भीतीबद्दल माझा अनुभव सांगतो.

नोकरीत कितीतरी वेळा आईवडील आठ-दहा वर्षांच्या पोराचा हात धरून ठाण्यात यायचे. ‘साहेब, याला जरा दम द्या, आत टाकतो म्हणून सांगा.’ सुरुवातीच्या काळात मीही डोळे वटारायचो. मग एकदा गर्दीच्या ठिकाणी एक मुलगी हरवली. ती मला बघून रडत पळाली आणि एका अनोळखी माणसाच्या मागे जाऊन लपली. तिला घरी सांगितलेलं होतं, ‘पोलीस पकडून नेतात.’ त्या दिवसापासून मी कोणाच्या पोराला दम दिला नाही. ज्या मुलाला आपली भीती वाटते ते संकटात आपल्याकडे येत नाही. मग आपण आहोत कशाला?

बाई, पोलिसांबद्दल दोन तास नक्की ठेवा, आणि आमचं काम खरं कसं चालतं ते सांगा. तक्रार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, असेल तर प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) नोंदवावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात नोंद होते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. फिर्यादीला त्याची प्रत मोफत मिळते. अटक केली तर कारण सांगावं लागतं, नातेवाइकांना कळवावं लागतं, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. मुलांना त्यांच्या उपयोगाचं एक सांगा: पंधरा वर्षांखालच्या मुलाला आणि कोणत्याही वयाच्या मुलीला किंवा बाईला साक्षीदार म्हणून ठाण्यात या असं बंधन घालता येत नाही. जबाब घ्यायला पोलिसाने त्यांच्या घरी जायचं. त्यांनी स्वतःहून येतो म्हटलं तर गोष्ट वेगळी.

आता करून बघण्यासारखं काहीतरी. पंचनामा करायला लावा. वर्गाचा एक कोपरा मांडून ठेवा: उलटी खुर्ची, उघडं पुस्तक, सांडलेलं पाणी. दोन-दोन मुलं पंच करा आणि फक्त दिसतं तेवढंच लिहायला सांगा. ‘रागाने फेकलेलं पुस्तक’ हे पंचनाम्यात चालत नाही. ‘जमिनीवर, खिडकीपासून दोन फुटांवर, पालथं पडलेलं पुस्तक’ चालतं. राग कोणालाच दिसलेला नसतो. नव्या शिपायांनाही हे शिकायला वेळ लागतो.

आणि काळा कोट साहेब, एका बाबतीत आपलं एकमत निघेल. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. खात्यात बऱ्याच जणांना हे टोचतं. मला ते योग्य वाटत आलं आहे. कबुली मिळाली की तपास करणारा पुढे शोधायचं थांबतो. खरा पुरावा पायपीट केल्यावरच मिळतो.

काळा_कोट

काका, पूर्ण एकमत. पंचनाम्याची कल्पना मी उचलतो आहे.

सडेतोड, तुमचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो वर्गात यायलाच हवा. मुलं मला एकदा असंच म्हणाली होती: ‘सायकल रमेशची गेली, मग खटल्यावर महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक असं का लिहिलंय? रमेश कुठे आहे?’ गुन्हा हा एकट्या रमेशविरुद्ध नसून सगळ्या समाजाविरुद्ध मानला जातो, म्हणून खटला शासन चालवतं, सरकारी वकील उभा राहतो आणि रमेश साक्षीदार होतो. याचा फायदा असा की रमेश गरीब असो वा घाबरट, त्याला स्वतः वकील लावून भांडावं लागत नाही. तोटा असा की रमेशला वाटतं, आपल्याला कोणी विचारतच नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नव्या कायद्यात, पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे, ती यासाठीच. पीडिताचा हक्क आणि आरोपीचा हक्क एकमेकांचे वैरी नाहीत. चुकीचा माणूस आत गेला तर ज्याने चोरी केली तो बाहेरच राहतो, आणि त्यात रमेशचंही नुकसान आहे.

मनमोकळी

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. दोन-तीन गोष्टी घाईने लिहिते, पण त्या टाळू नका.

चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या वर्गात असं मूल असू शकतं ज्याच्या घरातलं कोणी तुरुंगात आहे, किंवा ज्याच्यावर स्वतःवर काही गुदरलं आहे. तुम्हाला ते माहीत असेलच असं नाही. त्यामुळे ‘तुमच्या घरी कधी पोलीस आले होते का’ असे प्रश्न सगळ्यांसमोर नकोत. अनुभव सांगायची सक्ती नको. पीडिताची भूमिका कोणालाही करायला लावू नका, ती कागदावरच्या जबाबातून येऊ द्या. लैंगिक गुन्हे नाटकात आणू नका. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, मुलांना समजला पाहिजे, पण त्यासाठी वेगळा तास हवा, शांतपणे, शक्यतो समुपदेशकाबरोबर. आणि एखाद्या मुलाने येऊन तुम्हाला काही सांगितलं तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. अशा गुन्ह्याची माहिती कळवणं २०१२ च्या त्या कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे. मुलाला सांगा, ‘मी तुझ्या मदतीला योग्य माणसांना आणणार आहे.’

१०९८ हा बालकांसाठीच्या मदतीचा नंबर पहिल्या तासालाच फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि आठही तास पुसू नका.

फळ्यासमोर

सगळ्यांचे मनापासून आभार. अनुच्छेद २० चा तास आज घेतला. निळ्या शाईवरून इतका गोंधळ झाला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

पण शेवटी एका मुलीने विचारलं, ‘बाई, आम्ही अठराच्या आतले, म्हणजे आम्ही काहीही केलं तरी आम्हाला काही होत नाही ना?’ अर्धा वर्ग हसला, अर्धा माझ्याकडे बघत राहिला. मी ‘उद्या सांगते’ म्हटलं. नीट उत्तर काय द्यावं?

काळा_कोट

खरं उत्तर द्या: ‘होतं, पण वेगळं होतं, आणि त्याला कारण आहे.’

सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य कायद्याने गुन्हा नसतं. सात ते बारा या वयात, आपण काय करतोय आणि त्याचा परिणाम काय हे समजण्याइतकी पोच त्या मुलाला होती का ते पाहिलं जातं. त्यानंतर अठरा पूर्ण होईपर्यंत प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली निदान एक स्त्री. कायदा या मुलाला आरोपी म्हणत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द जड आहे, पण त्यातली दृष्टी मुलांना फोडून सांगा: कायद्याशी झगडा झालेलं मूल. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. त्याचं नाव, फोटो, शाळा छापता येत नाही. मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन, समाजसेवा सांगू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात पाठवू शकतं.

सोळा ते अठरा वयात, किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा घडला, तर २०१५ च्या कायद्याप्रमाणे मंडळ त्या मुलाची समज आणि परिस्थिती तपासतं आणि खटला प्रौढासारखा चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. तरीही त्याला फाशी देता येत नाही, सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेपही नाही.

म्हणजे ‘काही होत नाही’ हे खोटं आहे. पण त्या मुलीच्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न आहे, मुलांना वेगळं का? तिथे एक गोष्ट सांगा. १९६४ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात गेराल्ड गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला, शेजारच्या बाईंना फोनवर अश्लील बोलल्याच्या तक्रारीवरून पकडलं. आईवडील कामावर होते, त्यांना कोणी कळवलं नाही. तक्रार करणाऱ्या बाई न्यायालयात आल्याच नाहीत. वकील नव्हता. एकवीस वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षांपर्यंत, त्याला सुधारगृहात ठेवायचा हुकूम झाला. हाच गुन्हा मोठ्या माणसाने केला असता तर पन्नास डॉलरपर्यंत दंड किंवा फार तर दोन महिने कैद. ‘मुलाच्या भल्यासाठीच तर करतोय, मग नियम कशाला’ असा तिथल्या व्यवस्थेचा विचार होता. १९६७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलालाही आरोप काय आहे ते आधी कळलं पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, साक्षीदाराला प्रश्न विचारता आले पाहिजेत, गप्प राहता आलं पाहिजे.

मुलांना विचारा, तुम्ही त्या जागी असता तर न्यायाधीशांना काय विचारलं असतं? उत्तरं वहीत लिहून घ्या. आपल्या कायद्यातले हक्क त्याच यादीत सापडतील.

सडेतोड

ही गोष्ट माहीत नव्हती. सोळा-अठराबाबत माझं मत अजूनही कडक आहे, ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्या घरच्यांच्या जागी मी स्वतःला ठेवून बघतो. पण शिक्षेचा तक्ता आधी लावा हे मी मागे घेतो. काल मुलाला विचारलं, आरोपी म्हणजे कोण? त्याने तेच उत्तर दिलं. मग बायकोला विचारलं, तिनेही तेच. विचार करत बसलो तेव्हा कळलं, मीही तेच दिलं असतं.

व्हरांडा

एरवी मी इथे फक्त वाचतो. आज लिहितो.

मी सातवीत होतो त्या वर्षी माझ्या वडिलांना अटक झाली. ते जिथे नोकरीला होते तिथल्या पैशांच्या अफरातफरीचा आरोप होता. जामीन मिळाला नाही. दोन वर्षं आणि काही महिने ते न्यायालयीन कोठडीत, म्हणजे तुरुंगात होते. खटला चालला आणि त्यांची निर्दोष मुक्तता झाली. पैसे कोणी दुसऱ्यानेच काढले होते, सह्या वडिलांच्या नव्हत्या.

अटकेच्या दिवशी पेपरात त्यांचं नाव आलं होतं, ‘अफरातफर करणारा गजाआड’. सुटले तेव्हा काहीच आलं नाही. शाळेत मला कोणी मारलं नाही की टोचून बोललं नाही. फक्त डबा खायला माझ्या शेजारी कोणी बसायचं बंद झालं. शिक्षक चांगले होते, पण तेही माझ्याशी जरा हळू आवाजात बोलायचे. मला स्वतःलाही वाटायचं की बाबांनी केलंच असणार, नाहीतर पोलीस कशाला नेतील? ते आत असताना दोन वर्षं मी त्यांच्याबद्दल तसा विचार केला. ती गोष्ट आजही माझ्या मनातून जात नाही.

मोठा झाल्यावर आकडे वाचले. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. १९७९ च्या हुसैनारा खातून खटल्यात समोर आलं होतं की बिहारच्या तुरुंगांत काही माणसं, त्यांच्या गुन्ह्याला जेवढी जास्तीत जास्त शिक्षा होऊ शकते त्याहून जास्त काळ, खटला न चालताच पडून होती. खटला वेळेत चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. आता नव्या कायद्यात, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर, काही गंभीर गुन्हे सोडून, त्याला सोडावं अशी तरतूद आहे.

बाई, ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ हे दोन शब्द त्या वर्षी कोणी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले असते, तर मी बाबांना भेटायला गेलो असतो. आई न्यायला तयार होती, मीच जात नव्हतो.

खाकी_३३

व्हरांडा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. वडील आहेत का आता?

व्हरांडा

हो काका. शेजारच्या खोलीत आहेत.

घंटा_झाली

व्हरांडा यांच्या प्रतिसादानंतर माझं लिहिणं फार साधं वाटेल, पण बाईंना उपयोग होईल म्हणून लिहिते. गेली काही वर्षं मी आठवीत अभिरूप न्यायालय, म्हणजे वर्गातला लुटुपुटूचा खटला, घेते. पहिल्या वर्षी फार मोठी चूक केली. बोलकी मुलं वकील झाली, हुशार मुलगी न्यायाधीश, आणि मागच्या बाकावरच्यांना मी शिपाई, पट्टेवाला अशी कामं दिली. कार्यक्रम छान झाला, फोटो निघाले, आणि ज्यांनी शिकायला हवं होतं त्यांनी काहीही शिकलं नाही.

आता पद्धत अशी. खटला छोटा: प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक नाहीसा झाला. तीन साक्षीदार, प्रत्येकाचा जबाब एका पानाचा. एकाने लांबून, पाठमोरा, निळ्या दप्तराचा मुलगा पाहिला आहे. एकाने आवाज ऐकला आहे. तिसरा आरोपीचा मित्र आहे. बाजू चिठ्ठी टाकून, आणि अर्ध्या खटल्यात अदलाबदल: सरकार पक्षाचे बचाव पक्षात जातात. पहिल्यांदा फार चिडतात. मग ज्या साक्षीदारावर आपणच विश्वास ठेवायला सांगत होतो त्यालाच विचारतात, ‘दप्तर निळं होतं हे ठीक, पण वर्गात निळी दप्तरं किती?’

निकाल मात्र सगळ्यांनी लिहायचा, प्रत्येकाने स्वतःचा, कारणांसह. ‘मला वाटतं त्याने केलं’ याला गुण नाहीत. कोणता पुरावा, त्यावर विश्वास का ठेवला, शंका उरली का आणि ती वाजवी आहे का. फिर्यादी पक्षाने सिद्ध करायचं असतं, आरोपीने नाही, हे लिहिताना जेवढं समजतं तेवढं माझ्या बोलण्याने कधीच समजलं नाही.

सिनेमातून आलेल्या कल्पना आधी काढून टाका. आपल्याकडे आता ज्यूरी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारी सामान्य नागरिकांची समिती, नाही. १९५९ च्या नानावटी या गाजलेल्या खून खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष म्हटलं, उच्च न्यायालयाने ते फिरवलं, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरी राहिलीच नाही. धर्मग्रंथावर हात ठेवायचा नसतो. साक्षीदार ईश्वराला स्मरून शपथ घेतो किंवा नुसती प्रतिज्ञा करतो. मुलांना आवडणारी गोष्ट म्हणजे बारा वर्षांखालच्या साक्षीदाराला शपथेचा अर्थ समजत नसेल, पण खरं बोलायचं असतं हे समजत असेल, तर शपथेशिवायही त्याची साक्ष घेता येते. आणि न्यायदेवतेचं चित्र लावणार असाल तर डोळ्यांवर पट्टी असलेलं जुनं आणि नवं, दोन्ही लावा. सर्वोच्च न्यायालयात २०२४ मध्ये समोर आलेल्या नव्या मूर्तीच्या डोळ्यांवर पट्टी नाही, आणि हातात तलवारीऐवजी संविधान आहे. पट्टी असावी की नसावी यावर माझ्या वर्गात अख्खा तास वाद झाला. मी एकदाही मध्ये पडले नाही.

फळ्यासमोर

आठ तास संपले. थोडक्यात लिहिते, अजून निकालपत्रं तपासायची आहेत.

पंचनामा अप्रतिम झाला, काका. ‘कोणीतरी घाईत पळालं असावं’ असं लिहिणाऱ्या मुलाला शेजारच्या मुलीने विचारलं, ‘घाई कुठे दिसली तुला?’ पोलिसांवरच्या तासाला मात्र मी कमी पडले, दखलपात्र-अदखलपात्र मध्येच अडकले आणि मुलं कंटाळली. पुढच्या वेळी तो भाग अर्धा करीन. गेराल्ड गॉल्टच्या तासाला वर्ग एकदम शांत होता. यादीत पहिला हक्क त्यांनी लिहिला, ‘आधी आईला फोन’.

व्हरांडा, तुमचा प्रतिसाद वर्गात वाचला नाही, तो तुमचा आहे. पण ते दोन शब्द पहिल्या दिवसापासून फळ्यावर शेजारी शेजारी होते, १०९८ च्या खाली.

खटला सूक्ष्मदर्शकाचाच घेतला. तो मुलगा, ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं, न्यायाधीशांच्या गटात चिठ्ठीने आला. मी मनातून घाबरले होते. मनमोकळी, तुमचं ऐकून त्याला आधीच एकट्याला विचारलं, ‘नको असेल तर बदलू.’ म्हणाला, चालेल. दुसऱ्या साक्षीदारानंतरच गटातली बाकीची मुलं ‘दोषी’ लिहायला बसली. तो म्हणाला, ‘थांबा, उलटतपासणी झाली नाही अजून.’ एवढंच. त्याच्या निकालपत्रात दीड पान आहे. त्याने आरोपीला सोडलं आहे. खाली लिहिलंय, ‘त्याने घेतलं नाही असं मी म्हणत नाही. त्याने घेतलं हे कोणी दाखवलं नाही.’

मधल्या सुट्टीत अजून तो बाहेरच असतो. काल मात्र व्हरांड्यात त्याच्याबरोबर दोघं होती, त्यातली एक घड्याळवाली.

एक प्रश्न: मुलांना खरं न्यायालय दाखवायला नेता येतं का? परवानगी कोणाची लागते?

काळा_कोट

फौजदारी खटले खुल्या न्यायालयात चालतात, काही नाजूक प्रकारचे सोडून. तरी पंचेचाळीस मुलं म्हणजे जागेचा प्रश्न, म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावाने शाळेच्या कागदावर अर्ज करा. शाळांमध्ये कायदेविषयक जागृती हे त्यांचं कामच आहे. त्यांचा मदतीचा नंबर १५१०० मुलांना तिथेच द्या. कोणत्याही मुलाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो हे तिथल्याच माणसाच्या तोंडून ऐकू द्या. वीस-वीसच्या तुकड्या करा, सकाळची वेळ मागा. आरोपींना आणतात त्या दारापाशी मुलांना उभं करू नका.

खाकी_३३

आणि बाई, जाण्याआधी मुलांना सांगून ठेवा, तिथे कोणाला बेड्या घातलेल्या दिसल्या तर बोट दाखवायचं नाही.

फळ्यासमोर

सांगते काका. अर्ज उद्या देते.